बारा पायल्या हवा

गेल्या पौषात आमच्या घरी गॅसचं लायटर फ्रिजच्या डोक्यावर गेलं. माझा हात तिथवर पोचत नाही, म्हणूनच गेलं.

कारण दूध. महिनाभरात माझ्या हातून दोनदा दूध करपलं. पहिल्या वेळी गोठ्यातलं वासरू सुटलं होतं, म्हणून सांगायला काहीतरी होतं. दुसऱ्या वेळी वासरू बांधलेलं होतं. मी ओट्याशी उभी राहून दुसरबीडच्या, माझ्या माहेरच्या, बाजाराचा विचार करत होते आणि पातेलं माझ्या डोळ्यांदेखत काळं झालं. सून पूनम काही बोलली नाही. बोलली असती तर मलाही दोन शब्द बोलता आले असते. तिने खिडकी उघडली, पातेलं भिजत घातलं आणि लायटर उचलून फ्रिजवर ठेवलं. तेव्हापासून मी माझ्याच स्वयंपाकघरात पाहुणीसारखी विचारू लागले, "पूनम, चाहाचा टाइम झाला काय वं?"

या घरात मी साठ वर्षं स्वयंपाक केला. जुनं सगळं मला आठवतं. कोणाच्या लग्नात किती बुंदी उरली आणि ती कोणी नेली, हेही सांगते. पण करपलेल्या दुधापुढे बुंदीची साक्ष चालत नाही.

अशात माझ्या मुलाने, भागवतने, सबवूफर करायला घेतला.

भागवत पन्नाशीचा आहे. अमडापूरहून रोज एसटीने बुलढाण्याला जातो, तिथे कचेरीत आहे. बुलढाण्यालाच त्याचा साडू राजकुमार राहतो. त्याने घरात भिंतीएवढा टीव्ही आणि चारी कोपऱ्यांत भोंगे बसवलेत. एका रविवारी तिथे सिनेमा बघून भागवत घरी आला तो पोटावर हात ठेवून.

"आई, राजकुमारच्या घरी आवाज कानानं नाई, पोटानं आयकू येते."

"मंग ओवा खा," मी म्हटलं.

पण त्याला ओवा नको होता, तो आवाज हवा होता. सिनेमातला ढग, घोड्यांच्या टापा, दरीत कोसळणारा दगड, असले जाड आवाज काढणारा एक वेगळा भोंगा असतो, त्याला सबवूफर म्हणतात, असं त्याने मला समजावलं. मला त्यात नवल वाटलं नाही. माझ्या लहानपणी दुसरबीडला तंबूतला सिनेमा येई, तेव्हा आम्ही पोरी तंबूबाहेर कनातीला पाठ लावून बसायचो. तिकीट न काढता सगळी मारामारी पाठीला कळायची.

"राजकुमारनं इकत घेतला," भागवत म्हणाला. "मी घरी बनवतो."

मदतीला प्रेमानंद होता. गावात त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, तीसेक वर्षं झाली त्याला. प्रेमानंद हा तानाबाईचा मुलगा. तानाबाई माझ्याच वयाची. उमेदीत ती आमच्या शेतात निंदायला, कापणीच्या वेळी ज्वारी सोंगायला येत असे. आता दोघींचेही गुडघे सारखेच गेलेत, त्यामुळे मैत्री बरोबरीची झाली आहे.

प्रेमानंदने एका मोडलेल्या डीजेतला बारा इंची स्पीकर आणला आणि अंगणात खाटेवर ठेवला.

"हे झालं अर्धं काम, भागवतभाऊ," तो म्हणाला. "बाकी अर्धं काम हवा करते. स्पीकर ज्या पेटीत बसवतो, तिच्यात हवा किती, त्याच्यावर आवाज. याले साठ लिटर पायजे. कमी झाली का नुसता गुंगते."

पेटी भक्कम हवी, हलता कामा नये. सुतार लग्नसराईच्या दिवाण-कपाटांत अडकलेला. मग भागवतची नजर गेली रांजणावर. पाण्याचा फिल्टर आल्यापासून तो न्हाणीमागे रिकामा बसून होता. प्रेमानंद त्याच्याभोवती दोनदा फिरला, बोटाने वाजवून पाहिला.

"जमते. गोल हाये, जाड हाये, तोंडही स्पीकरच्या मापाचं. पण मोठा हाये. साठ लिटर ठेवून बाकी जागा बुडातून सिमेंटनं भरा लागीन."

आता रांजणाच्या पोटातले साठ लिटर कसे मोजायचे? भागवतने कागदावर गणित मांडलं. त्याला तीन उत्तरं आली. त्यातल्या एका उत्तराप्रमाणे रांजण आमच्या विहिरीहून मोठा होता. मग तो पाण्याची बादली घेऊन निघाला.

मी तूर निवडत बसले होते. म्हटलं, "पाणी नोको वतू. कोरडा पडलेला रांजण पाणी पेते. तू वतशीन साठ, थो पिईन पाच. मंग मोजशीन काय?"

प्रेमानंद म्हणाला, "काकूचं बरोबर हाये."

कितीतरी दिवसांनी त्या घरात हे वाक्य कोणीतरी बोललं. मला चढलं.

"ज्वारीनं मोजा," मी म्हटलं. "माळ्यावर आपली पायली हाये. बरोबर पाच लिटरची. बारा पायल्या झाल्या का साठ लिटर."

भागवतने पूनमकडे पाहिलं. पूनमने फ्रिजकडे पाहिलं.

"आई, पक्कं पाच? का तुले वाटते पाच?"

"माह्या डोळ्यासमोर मोजली. मी लग्न होऊन आली त्या साली. नवे लिटर-किलो सुरू झाल्ते. मापाचा साहेब आल्ता सायकलीवर, टोपी घालून. त्यानं मामंजीची पायली ओसरीवर ठिवली, आन् आपल्या मापानं पाच लिटर ज्वारी टाकली. काठोकाठ. दाना इकडे नाई का तिकडे नाई. मंग पायलीच्या आतून, बुडाले, शिक्का मारला. मी दाराआडून पाह्यलं. साहेबानं दोन कप चाहा पेला आन् बशी फोडली."

इथे आमचे हे, म्हणजे भागवतचे वडील कारभारी, खाटेवर उठून बसले. यांना सगळं ऐकू येत नाही, पण मामंजींचं नाव निघालं की येतं.

"आमच्या बाबाची पायली!" हे म्हणाले. "जानरावची पायली म्हनला का बजारात कोनी दुसऱ्यांदा मोजत नोयतं."

मामंजींचा फोटो बैठकीत टीव्हीच्या वरच आहे. फेटा, मिशा आणि चंदनाचा हार. हे रोज सकाळी त्यालाच आधी हात जोडतात.

भागवत हसून म्हणाला, "बरं आई. बारा पायल्या बरोबर निंघाल्या, त लायटर तुह्यं."

"अन् नाई निंघाल्या, त पुन्ना मांगू नका," पूनम म्हणाली. हसतच म्हणाली, पण म्हणाली.

"कबूल," मी म्हटलं.

पायली माळ्यावरून उतरवली. लोखंडी पत्र्याची, कडीची, वीतभर उंच. हातात घेताच खुळखुळली. ती पूर्वीपासूनच खुळखुळायची. कडी सैल झाली असेल असं आम्ही धरून चाललो होतो. भागवत रांगता असताना रडायला लागला की मी हीच पायली हलवायची.

रांजण काठोकाठ ज्वारीने भरला. मग मी बसले आणि त्यातून एकेक पायली काढू लागले. पायली भरायची, हाताने सपाट करायची, पोत्यात रिकामी करायची. पहिलीला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. "लाभ, दोन, तीन..." भागवत कोळशाने भिंतीवर रेघा ओढत होता. बारा झाल्या. रांजणात ज्वारी उरली होती, तिच्या पातळीवर प्रेमानंदने आतून गेरूची रेघ मारली. ज्वारी उपसली आणि त्या रेघेपर्यंत सिमेंट भरलं. पंधरा दिवस ते रोज शिंपून मुरवलं. मग सुकल्यावर रांजण हलवायला चौघे लागले. त्यातला एक पाठ धरून घरी गेला.

पुढे प्रेमानंदने रांजणाच्या खांद्याला बारीक बारीक भोकं पाडत गोल काढला, त्यात शेतातल्या चार इंची पाइपाचा तुकडा बसवला. तोंडावर स्पीकर बसला. कुठून हवा जायला नको म्हणून सगळ्या फटी लिंपल्या. फाल्गुनातल्या एका रविवारी दुपारी, टीव्हीखाली, मामंजींच्या फोटोच्या बरोबर पुढ्यात आमचा रांजण बसला. बघायला तानाबाईही आली. प्रेमानंदने तिला खुर्ची दिली, मी खाटेवर, हे खाटेवर, पूनम दारात. भागवतने सिनेमा लावला.

ढग गडगडला. रांजण म्हणाला, "बुंग."

घोडे आले. रांजण म्हणाला, "बुंग बुंग बुंग."

राजवाड्याचा दरवाजा लागला, बुंग. कोणीतरी दरीत पडलं, बुंग. नायिकेने उसासा टाकला, त्यालाही बुंग.

"म्हैस हाये काय आत?" तानाबाईने विचारलं.

हे खूश होते. "आज सगळं आयकू येऊन राह्यलं," म्हणाले. पण भागवतचं तोंड उतरलं. प्रेमानंदने सिनेमा बंद केला, कान लावला, पाइपात हात घातला, डोकं खाजवलं.

"हवा कमी हाये," तो म्हणाला.

मी म्हटलं, "असं कसं होईन?"

त्याने स्पीकर काढला, आमच्या दुधाचं लिटरचं माप मागितलं आणि रांजण पुन्हा ज्वारीने भरला. एकेक लिटर. आम्ही सगळे मोजत होतो. काठोकाठ झाला तेव्हा आकडा होता अठ्ठेचाळीस.

"आईनं 'लाभ' म्हनून एकदम 'चार' म्हनलं असंन," पूनम म्हणाली.

भागवतने भिंत दाखवली. कोळशाच्या रेघा बाराच होत्या.

"मंग पायली मोजा," मी म्हटलं. अजून माझा आवाज घट्ट होता.

प्रेमानंदने पायली पुढ्यात घेतली. एक लिटर, दोन, तीन, चार. चौथ्याला पायली भरली. पाचव्या लिटराला जागाच नव्हती.

 मग भागवत खाली बसला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आई, चार लिटरची पायली हाये. तुले पाच वाटलं."

"शिक्का पाय आतून," मी म्हटलं. "साहेबानं बुडाले मारलेला."

त्याने मोबाइलच्या उजेडात आत पाहिलं. शिक्का नव्हता. साधा पत्रा.

"जाऊ द्या ना, आई," पूनम म्हणाली. "वय झालं. होते असं."

टोमणा असता तर मी पचवला असता. ही दया होती. आता मला काठी, कमोडची खुर्ची आणि दुपारच्या गोळ्या एवढंच उरणार, हे मला त्या 'होते असं'मध्ये स्पष्ट दिसलं. आणि मी तर तो साहेब अजून बघत होते! त्याच्या टोपीवरचा घामाचा डाग, फुटलेली बशी, निळ्या काठाची. माणसाला निळा काठ आठवतो आणि पाच लिटर खोटे आठवतात, असं कसं होईल?

मी पायली मांडीवर घेतली. बाहेरून वीत लावली. बरोबर वीतभर. मग आत हात घातला, वीत लावली. दोन बोटं कमी.

पुन्हा लावली. दोन बोटं कमी.

पायली हलवली. खुळखुळली. मी कडी मुठीत घट्ट धरून हलवली. तरी खुळखुळली.

आणि मला पुढचं आठवलं. साहेब सायकलीवर बसून गेल्यावर आठवड्याने एक लोहार आला होता. मामंजी त्याच्याबरोबर मागच्या खोलीत अर्धा दिवस होते. मला आत चहा न्यायला मनाई होती. नव्या सुनेने परक्या माणसासमोर येऊ नये म्हणून असेल, असं मी साठ वर्षं समजत होते.

मी मान वर केली. समोर भिंतीवर मामंजी, चंदनाच्या हारात. खाटेवर त्यांचा मुलगा, ब्याऐंशी वर्षांचा, अजून बापाच्या पायलीची शपथ घेणारा. आणि खुर्चीत तानाबाई. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या मांडीवरच्या पायलीकडे बघत होती, ओठ आत दुमडून, हसू येऊ नये म्हणून माणूस दुमडतो तसे. तेव्हा मला कळलं की तिला ठाऊक आहे. बहुधा साहेब आला त्या सालापासूनच.

मी पायली खाली ठेवली. म्हटलं, जाऊ दे. लायटर काय, एक लोखंडाची नळी. या वयात यांना बापाचं असलं काही दाखवून काय मिळवायचं? फार तर मी विसराळू ठरेन.

"चला, मी चाहा मांडते," पूनम उठली. "आई, तुम्ही बसा. तुमच्याच्यानं नाई व्हनार."

मी पायली परत उचलली.

"प्रेमानंद, तुहा पेचकस दे."

"काकू, काय करता?"

"दे म्हनते ना."

आतल्या पत्र्याच्या कडेला पेचकस घातला आणि रेटला. साठ वर्षांचा गंज, पण लोहाराचं काम चांगलं होतं. दोनदा घसरला. तिसऱ्यांदा टण्णकन आवाज झाला आणि पत्र्याची गोल चकती उडून यांच्या पायाशी जाऊन पडली. तिच्याखाली दोन बोटं जाडीचं लाकडी कडं होतं, तेही निघालं. पायली मी उपडी केली. फरशीवर चिमूटभर ज्वारी पडली, बारीक, काळपट, जुनी. फटीतून आत गेलेले साठ वर्षांचे दाणे. हाच तो भागवतचा खुळखुळा.

"पाय आता आत," मी भागवतला म्हटलं.

त्याने उजेड धरला. "शिक्का हाये," तो हळूच म्हणाला.

प्रेमानंदने पाचवा लिटर ओतला. काठोकाठ. दाणा इकडे नाही की तिकडे नाही.

मग मला यांच्याकडे बघावंच लागलं. हे वाकले, चकती उचलली, उलटसुलट केली, फोटोकडे पाहिलं, पुन्हा चकतीकडे. 

"लोहारानं केलं असंन," हे शेवटी म्हणाले. "बाबाले मालूम नसंन."

भागवतने मान खाली घातली. पूनम दारात थिजलेली. प्रेमानंद उगाच वायर गुंडाळत होता. माझ्या मनात आलं, आता तानाबाई बोलेल, आणि तिने बोलावंच. पाच पायल्या म्हणून आमच्या ओसरीवरून नेलेली मजुरी तिच्या घरी चारच भरत असेल, दर सोंगणीला.

तानाबाई पदराने तोंड पुसून म्हणाली, "हाव कारभारीभाऊ. लोहारानंच केलं. तुमच्या बाबाले कसं मालूम राहीन? आमाले मालूम होतं, आमच्या सासूले मालूम होतं, साऱ्या गल्लीले मालूम होतं. त्याइलेच कोनी सांगतलं नाई."

हे म्हणाले, "हाव ना." यांना पूर्वार्धच ऐकू आला असावा. मी तसं मानते.

"म्हनून बुढ्याची सून मोजाले बसली का आमी रांग लावो," तानाबाई माझ्याकडे बोट करून म्हणाली. "पुष्पाबाई शिगोशीग भरे. बुढा बसला का सपाट. बुढा कवा लघवीले जाते, याची वाट पाहो आमी."

प्रेमानंद आधी हसला. मग भागवत. मग मीही, आणि हसताना मला डोळे पुसावे लागले, कारण शिगोशीग भरण्याचं मी खरोखरच विसरले होते. माझ्याबद्दलचं चांगलं तेवढं मला आठवत नव्हतं.

पूनमने फ्रिजवरून लायटर काढलं आणि माझ्या हातात दिलं. दोन्ही हातांनी दिलं.

रांजणाचं काय करायचं, हा प्रश्न उरलाच. सिमेंट फोडलं तर रांजण फुटणार. प्रेमानंद म्हणाला, "हवा कमी पडली त पाइप लांब करू. तेवढ्यानं आवाज खाली उतरते." पुढच्या रविवारी त्याने पाइपाला एल्बो लावून तो आणखी हातभर लांबवला. रांजणाला सोंड फुटल्यासारखं दिसतं. साडू राजकुमार बघायला आला तेव्हा त्याने आधी हात जोडले, मग विचारलं हे काय आहे.

पण आवाज! ढग आला तो खिडक्यांतून आला. घोडे खाटेखालून गेले. माझ्या पाठीला दुसरबीडची कनात लागली. आणि दगड दरीत पडला तेव्हा भिंतीवर मामंजींचा फोटो थरथरला आणि बोटभर वाकडा झाला. हे उठले, फोटो सरळ केला, बसले. पुन्हा दगड, पुन्हा फोटो वाकडा. हे पुन्हा उठले. तिसऱ्यांदा हे उठले नाहीत. फोटोकडे पाहून म्हणाले, "राहू द्या थोडा वेळ तसाच."

सिनेमा रंगला तशी मी आत आले आणि माझ्या लायटरने गॅस पेटवला. दूध चढवलं. तानाबाई मागोमाग आली, ओट्याला टेकून उभी राहिली.

"साखर कोन्त्या पायलीनं टाकता, पुष्पाबाई? लोहाराच्या का साहेबाच्या?"

"साहेबाच्या," मी म्हटलं, आणि तिला विचारलं की तिचं लग्न कोणत्या साली झालं. मग ती बोलत राहिली, मी बोलत राहिले. बाहेर घोडे गेले, मी जरा दाराशी जाऊन पाहून आले. पहिल्या सोंगणीपासून आम्ही नदीच्या पुरापर्यंत पोचलो होतो, तेव्हा मागे सर्रकन आवाज झाला.

तानाबाईने माझ्याआधी गॅस बंद केला. माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि ओट्यावरून वाहणारं दूध पुसू लागली. पण वास लपत नाही. पूनम दारात येऊन उभी राहिली. आधी ओट्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या लायटरकडे.

"कोनाच्यानं उतू गेलं?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं, पण तानाबाई फडकं पिळत म्हणाली,

"लोहारानं केलं असंन."